तेल सुटेपर्यंत

दाण्याचं कूट करताना मिक्सर कधी थांबवायचा हे मराठी घरात कोणी कोणाला मुद्दाम शिकवत नाही. ते कानाला कळतं. दाणे भांड्यावर आपटण्याचा खडखडाट संपून मऊ खसखस सुरू झाली की बोट आपोआप बटणावरून उठतं. वर आणखी दोन गिरक्या दिल्या तर "अगं बास, तेल सुटेल!" ही हाक येतेच, सासूबाई घरात असल्या तर ओट्यापाशी, नसल्या तर मनातल्या मनात. तेल सुटलेलं कूट म्हणजे वाया गेलेलं कूट. ते साबुदाण्याच्या खिचडीत गोळे धरतं, काकडीची कोशिंबीर चिकट करतं आणि डब्यात भरून ठेवलं तर त्याची ढेप होते.

पीनट बटर करायचं असेल तर नेमकी हीच हाक कानाआड करावी लागते.

लेकीला वाढदिवसाला पीनट बटरचे कपकेक हवे होते. दुकानातली बरणी आणता आली असती, पण ज्या घरात पोह्यांपासून भरल्या वांग्यापर्यंत सगळ्यात दाणे पडतात, तिथे दाण्याची बरणी विकत आणायची म्हणजे जरा जिवावर येतं. शिवाय बऱ्याच बरण्यांत साखर आणि घट्ट करणारं तेल घातलेलं असतं. तेव्हा घरीच करायचं ठरलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई बाजूला स्टूल ओढून बसल्या, कारण मिक्सर थांबवायच्या ठिकाणी मी थांबवत नाही हे त्यांना बघवतही नव्हतं आणि सोडवतही नव्हतं.

आधी कूट होतं. मग ते ओलसर होऊन भांड्याच्या कडेला चढून बसतं आणि खाली पाती नुसतीच मोकळी फिरते. झाकण काढायचं, चमच्याने खाली ढकलायचं, परत फिरवायचं. मग त्याचा घट्ट, कोरडा दिसणारा गोळा होतो, मिक्सर कण्हायला लागतो आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. कोणी वरून तेल घालतं, कोणी चमचाभर पाणी. तेलाची गरज नाही आणि पाणी तर अजिबात नको. मिक्सरला थोडी विश्रांती द्यायची, भांडं फार तापू द्यायचं नाही, आणि पुन्हा सुरू. कधीतरी एकदम तो गोळा ढासळतो. कोरडं दिसणारं सगळं सैल, चकचकीत होतं आणि पातीभोवती भोवरा धरून फिरायला लागतं. बाहेरून थेंबभरही काही घातलेलं नसताना.

यात जादू काही नाही. दाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेल असतं आणि पाव हिस्सा प्रथिनं. हे तेल बारीक बारीक पेशींत कोंडलेलं असतं. कुटात त्यातल्या थोड्याच पेशी फुटलेल्या असतात, म्हणून ते कोरडं आणि मोकळं राहतं. फिरवत राहिलं की पेशी फुटत जातात आणि शेवटी सुटलेलं तेल इतकं होतं की उरलेले कण त्यात तरंगायला लागतात. पाणी घातलं की हेच कण ते शोषून एकमेकांना चिकटतात आणि सैल झालेलं बटर क्षणात आवळतं. ही आवळण्याची खोड पुढे कामाला येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आईंनी बोटावर घेऊन चाखलं. "ही तर आपली चटणीच की गं. तिखट राहिलंय घालायचं."

त्या सोलापूरकडच्या. सोलापूरची शेंगाचटणी नुसती दळून होत नाही. भाजलेले दाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ हे सगळं उखळात कुटत कुटत तेल सुटेपर्यंत न्यायचं असतं. मुठीत दाबली तर मूठ वळली पाहिजे आणि बोटांना तेलाची चकाकी लागली पाहिजे. ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर वर दही घेऊन ती खाल्ली की मग पुण्यात पाकिटात मिळणारी कोरडी भुकटी चटणी म्हणवत नाही. म्हणजे तेल सुटू द्यायचं नाही हा कायदा कुटाचा झाला, सगळ्या दाण्यांचा नव्हे. आईंच्या हाताला दोन्ही ठाऊक होतं. फक्त मिक्सरसमोर बसलं की कुटाचाच कायदा आठवतो, चटणीचा नाही. चव घेतल्यावर त्यांचा विरोध मावळला आणि सूचना वाढल्या. हे जास्त धोक्याचं.

सूचनांत एक खरोखर मोलाची होती: भाजण्यात घाई करायची नाही. मोठ्या आचेवर दाण्याला बाहेरून डाग पडतात आणि आत कच्चटपणा राहतो. कुटात, आमटीत तो खपून जातो. पीनट बटरमध्ये मात्र दाण्याशिवाय दुसरं काही नसतंच, त्यामुळे लपायला जागा नाही. कढईत मंद आचेवर हलवत उभं राहायचा कंटाळा असेल तर ओव्हनच्या ट्रेमध्ये एका थरात पसरून १६० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटं ठेवावेत, मध्ये एकदा हलवावेत. भाजताना दाण्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक यांची एकमेकांशी क्रिया होते आणि पायराझिन नावाची द्रव्यं तयार होतात. भाजल्या दाण्याचा जिन्यापर्यंत जाणारा तो वास मुख्यतः त्यांचा. त्याआधी दाणे निवडायचे. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा जरा जरी संशय येईल असा दाणा सरळ फेकायचा. दाण्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं आणि ते भाजल्याने पुरतं जात नाही. एक खवट दाणा तोंडात आला की सगळा घास थुंकावासा वाटतो, ही जिभेची सोय उगाच नाही.

मग सालं. तळहातात चोळून सुपात पाखडायची हे खरं, पण फ्लॅटमध्ये सूप असलं तरी पाखडायला जागा कुठे? आम्ही गॅलरीत ताट धरून फुंकर मारतो. शेंगा खाल्ल्या नाहीत तर टरफलं उचलणार नाही, हा बाणा आपल्या सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे. आमच्या घरी सालांसाठी वेगळा ठराव आहे: ज्याला कपकेक हवेत त्याने गॅलरी झाडायची, आणि खालच्या काकूंच्या तुळशीत जी उडाली असतील त्याबद्दल त्याच माणसाने खाली जाऊन बोलून यायचं.

सालं चोळताना लेकीने विचारलं, हे शोधलं कोणी? मराठी शाळांत, भाषणांत, व्हॉट्सॲपवर याचं एक ठरलेलं उत्तर आहे: जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. कार्व्हर यांचं मोठेपण वादातीत आहे, पण पीनट बटर त्यांचं नाही. भाजलेल्या दाण्याच्या लगद्याचं अमेरिकी पेटंट १८८४ साली मॉन्ट्रियलच्या मार्सेलस गिलमोर एडसन यांनी घेतलं. तापवलेल्या पृष्ठभागांमध्ये दाणे इतके दळायचे की लगदा पातळ होईल, आणि निवला की लोण्याइतका घट्ट बसेल, असं त्यांचं तंत्र. १८९५ मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी अशाच पदार्थाच्या पेटंटचा अर्ज केला. त्यांचे दाणे मात्र भाजलेले नव्हते, उकडलेले होते. उकडलेल्या दाण्याचं लोणी! आईंना हे सांगितल्यावर त्यांनी केलॉग डॉक्टरांबद्दल जे मत दिलं ते इथे लिहीत नाही. पुढे १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या जोसेफ रोझफील्ड यांनी तेलाचा थोडा भाग हायड्रोजनच्या साहाय्याने घट्ट करून मिसळायची पद्धत आणली आणि बरणीत वर तेल, खाली दगड हा प्रकार थांबला. घरच्या बरणीत तो होतोच. बरणी उलटी ठेवली किंवा लांब सुरीने तळापासून ढवळलं की भागतं. अमेरिकेत ज्याला पीनट बटर म्हणून विकायचं त्यात कायद्याने किमान ९० टक्के दाणे असावे लागतात, हेही सांगून ठेवते. आपल्याकडे बरणीच्या मागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा काढावा.

कार्व्हर यांचं काम निराळं आणि माझ्या मते जास्त मोलाचं. अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत शिकवताना त्यांच्यासमोर होते वर्षानुवर्षं कापूस घेऊन जमिनी थकवून बसलेले गरीब कृष्णवर्णीय शेतकरी. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीला देतात, तेव्हा भुईमूग लावा, हा त्यांचा सल्ला. पण लावून पिकवलेल्या शेंगांचं करायचं काय? म्हणून १९१६ साली त्यांनी एक पत्रिका काढली: भुईमूग कसा पिकवावा आणि तो खाण्याच्या १०५ तऱ्हा. त्यात सूप आहे, ब्रेड आहे, कुकीज आहेत, केकही आहेत. तेव्हा पीनट बटरचं नाही, पण दाण्याच्या केकचं श्रेय द्यायचं तर त्यातलं थोडं त्यांच्याकडे जातं.

शेंग जमिनीत कशी जाते हे लेकीला कपकेकपेक्षा जास्त आवडलं. पिवळं फूल वर हवेत फुलतं, फळतं, आणि मग त्याच्या बुडातून आऱ्या निघून खाली वाकतात, मातीत शिरतात आणि आत जाऊन त्यांच्या टोकाला शेंग धरते. म्हणून आऱ्या सुटायच्या वेळी माती भुसभुशीत लागते, आणि काही शेतकरी पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात, आऱ्या नीट टेकाव्यात म्हणून. "म्हणजे दाणे मूळ नाहीत?" नाहीत. "मग बटाट्यासारखे पण नाहीत?" तेही नाहीत. चौथीच्या पुस्तकाला हे फार सोयीचं नाही.

आता केक. दाण्याचं लोणी केकमध्ये घालताना ते नुसतं लोणी समजलं तर केक कोरडा होतो. १२५ ग्रॅम पीनट बटरमध्ये साठेक ग्रॅम तेल येतं, ते केकला मऊ ठेवतं. पण बरोबर येणारी प्रथिनं आणि चोथा पाणी ओढून घेतात. म्हणून बटर कमी करायचं आणि दूध वाढवायचं. माझं बारा कपकेकचं माप असं बसलंय: मैदा १५० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, सोडा पाव चमचा, पीनट बटर १२५ ग्रॅम, बटर ७५ ग्रॅम, चाळलेली गुळाची पावडर १५० ग्रॅम, दोन अंडी, दूध १२० मिली आणि दोन मोठे चमचे दही. आपल्याकडचं पिवळं बटर बहुतेक खारं असतं, त्यामुळे वेगळं मीठ नको. घरचं लोणी घ्यायचं तर त्यात पाणी बरंच राहतं, ते आधी दाबून काढावं. बटर, पीनट बटर आणि गूळ रंग उजळेपर्यंत फेटायचं, एकेक अंडं घालायचं, मग कोरडं आणि दूध आलटून पालटून. मैदा पडल्यावर मात्र हात आवरायचा, नाहीतर मैद्यातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन ताणलं जाऊन केक चिवट होतो. १७५ अंश, अठरा ते वीस मिनिटं.

साखरेऐवजी गूळ का, हे कोणी विचारलं तर मी उत्तर देत नाही. ज्याने शेंगदाणे-गूळ खाल्लाय त्याला सांगायला नको आणि ज्याने नाही त्याला कपकेकने काय समजणार. तरी शास्त्रापुरतं: गूळ किंचित आम्ल असतो, दही आम्ल असतं, त्यामुळे सोड्याला काम मिळतं; आणि गूळ ओलावा धरून ठेवतो.

आईंना अंडं चालत नाही. त्यांच्यासाठी अंड्यांऐवजी अर्धी मोठी वाटी घट्ट दही आणि सोडा पावाऐवजी अर्धा चमचा. ते थोडे कमी फुगतात, पण दुसऱ्या दिवशी अंड्याच्यांपेक्षा चांगले लागतात, हे माझं प्रामाणिक मत. साचे नसले तर अडू नये. १७९६ साली छापलेल्या एका अमेरिकी पाकपुस्तकात छोट्या कपांत भाजायच्या हलक्या केकची कृती आहे. तेव्हा कपकेकचा साचा म्हणजे घरात जे असेल ते भांडं. आपल्याकडे स्टीलच्या वाट्या आहेत. तूप लावून मैदा भुरभुरवला की झालं. पातळ वाटीची कड लवकर तांबूस होते, एवढं लक्ष ठेवायचं. ओव्हनही नसला तर कुकर: तळाला मिठाचा थर, वर जाळी, शिट्टी आणि रिंग काढलेली. माझं लहानपण कुकरच्या केकवर आणि दिवाळीआधी रवा-मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत नानकटाई करून आणण्यावर गेलंय. त्या बेकरीच्या भट्टीसमोर नंबर येईपर्यंत उभं राहायचं, आणि घरी येताना डब्याचं झाकण किती वेळा उघडलं हे कोणी विचारू नये. ओव्हन घरात आला तरी तशी नानकटाई काही झाली नाही. कपकेक मात्र घरीच चांगले होतात.

वरच्या क्रीमबद्दल माझं जरा वाकडं मत आहे. बटर, पीनट बटर आणि पिठीसाखर फेटून त्याचे डोंगर उभे करायची रीत थंड देशाची. बटर ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं, आणि एप्रिलमध्ये पुण्याचं स्वयंपाकघर तेवढं सहज तापतं. पीनट बटरमधलं तेल तर आधीच पातळ. नक्षी काढेपर्यंत ती ओघळायला लागते आणि मुलं टाळ्या वाजवायच्या आत कागदाच्या कपात तळं साचतं. मी चक्का घेते. घट्ट बांधलेला चक्का, पिठीसाखर, आणि शेवटी पीनट बटर. इथे ती आवळण्याची खोड कामाला येते: चक्क्यातल्या पाण्यामुळे बटर घट्ट होतं आणि मिश्रण चमच्यावर उभं राहतं. दिसायला विलायती, चवीला श्रीखंडाच्या घरातलं. फ्रिजमध्ये ठेवायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. वर चिक्कीचा चुरा, पण अगदी खायच्या वेळी. पावसाळी हवेत चिक्की ओल धरते आणि कुरकुरीतपणाऐवजी दाताला चिकटते.

एक गोष्ट गमतीत नेता येत नाही. मुलांच्या वाढदिवसाला हे वाटणार असाल तर आधी प्रत्येकाच्या घरी विचारा. दाण्याची ॲलर्जी आपल्याकडे फारशी ऐकू येत नाही म्हणून नसतेच असं नाही, आणि असली तर ती जिवावर बेतू शकते. परदेशात राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या मुलांना शाळेच्या डब्यात दाण्याची चटणीसुद्धा नेता येत नाही. यातला उलटा धागा २००८ साली संशोधकांच्या हाती लागला: इंग्लंडमधल्या ज्यू मुलांत दाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या दहापट होती, आणि इस्रायलची बाळं दात येण्याच्या वयापासूनच दाण्याचा खाऊ चघळत होती. मग लंडनमध्ये, ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या चार ते अकरा महिन्यांच्या बाळांवर मोठी चाचणी झाली. २०१५च्या निष्कर्षांप्रमाणे, लवकर आणि नियमित दाणे खाणाऱ्यांत ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. त्याआधी बरीच वर्षं पालकांना बरोबर उलटा सल्ला दिला जात होता. अर्थात अशा बाळाला काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच. अख्खा दाणा तर लहान मुलाला कधीच नाही, घशात अडकतो.

वाढदिवस झाला, कपकेक संपले, आणि आषाढी जवळ आली तसा आईंनी वेगळाच विषय काढला. "दाणे चालतात, गूळ चालतो, दही चालतं, लोणी चालतं. मैद्याचं काय ते बघ."

राजगिऱ्याचं पीठ निघालं. त्यात ग्लुटेन नाही, त्यामुळे कपकेक कमी फुगतात आणि हातात भुसभुशीत होतात, पण दाण्यातली प्रथिनं आणि दही मिळून त्यांना बऱ्यापैकी बांधून ठेवतात. मग आईंनी बेकिंग पावडरचा डबा डोळ्यांजवळ नेला. त्यात मक्याचं पीठ असतं. बाद. नुसता सोडा घ्यायचा, तो खनिज आहे, मिठाच्या जातीचा, हा माझा युक्तिवाद तात्पुरता मान्य झाला. गंमत अशी की दाणे, राजगिरा, साबुदाणा, बटाटा, मिरची हे सगळे मूळचे अमेरिका खंडांतले, आणि सगळे उपवासाच्या ताटात मानाने बसलेले. हजारो वर्षं इथे असलेला गहू मात्र दाराबाहेर. मी हे म्हटल्यावर आई म्हणाल्या, "शास्त्र तू नको सांगूस," आणि निकालासाठी सोलापूरला त्यांच्या थोरल्या बहिणीला, माईंना फोन लावला.

स्पीकरवर सगळी यादी वाचून झाली. माईंनी सोडा मान्य केला. राजगिरा मान्य केला. मग विचारलं, "आणि वास कशाचा घालणार?"

व्हॅनिला, मी म्हटलं.

"तो कशात बुडवून काढतात?"

बाटली बघितली. अल्कोहोल. ओट्यापाशी शांतता. लेक तोंड दाबून हसत होती.

"वेलची घाल," माई म्हणाल्या. "आणि द्वादशीला इकडे कोणी येणार असेल तर चार माझ्यासाठी पाठव. मैद्याचे."